वाद घालायचा तर कोलूला या

तंजावूरच्या मेलवीधी रस्त्यावर, घरच्या झोपाळ्यावर बसल्या बसल्या दोन राज्यांतून हद्दपार झालेला मी एकटाच माणूस आहे. महाराष्ट्राने मला सकाळी काढलं, तमिळनाडूने दुपारी. जेवण मधल्या वेळात झालं.

माझं नाव गोविंद राव. आमचे पूर्वज मराठे राजांच्या काळात इकडे कारकुनी करायला आले आणि परत जायचं विसरले. घरात आम्ही सगळे मराठी बोलतो, पण वाचत कोणी नाही; वाणसामानाच्या चिठ्ठीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं तमिळ लिपीत. मी मात्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर हट्टाने पहिलीचं पुस्तक मागवलं आणि देवनागरी शिकलो. त्याच सुमारास गिरिजाने, म्हणजे आमच्या मुलीने, मला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती असा फोन आला की तो काय करतो? ज्ञान मिळवतो, असं मला वाटलं होतं. तो भांडतो.

सुरुवात मी केली नाही. (हे मी इंदिरेला, म्हणजे बायकोला, आजही सांगतो. तिला पटलेलं नाही.) एका मराठी पानावर मी आमच्या कोलूचा फोटो टाकला. नवरात्रात आमच्याकडे पायऱ्या रचून त्यांवर देवादिकांपासून चेट्टियार दुकानदारापर्यंत बाहुल्या मांडतात, नऊ दिवस लोक बघायला येतात, गातात, सुंडल म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ खातात. त्याला कोलू म्हणतात. फोटोखाली 'तळपती तलवार' नावाच्या कोणीतरी लिहिलं, "हे बाहुल्यांचं दुकान कसलं? आपल्या धर्मात घट बसतो. तुम्ही पार मद्रासी झालात."

घट आमच्याकडेही बसतो, कोलूच्या सगळ्यांत खालच्या पायरीला लागून. हे मी अक्षर अक्षर जुळवत लिहिलं आणि वर दोन वाक्यांत त्याचा धर्म काढला. त्यावर तलवारीने एवढंच विचारलं, "काका, तुम्ही बखरीतून बोलता का?" त्या दिवसापासून मी माघार घ्यायची नाही असं ठरवलं.

दुसरीकडे एका तमिळ पानावर आमच्या गावाच्या इतिहासाचा विषय निघाला होता. तिथे 'चोळ वाघ' नावाच्या माणसाने विचारलं, "पाहुण्यांनी किती दिवस राहायचं असतं?" मी तमिळमध्ये ठणकावलं, "पाहुणा जेवणाला नावं ठेवत नाही. मी रोज ठेवतो. म्हणजे मी घरचाच." त्यावर वाघ देवाकडे वळला. देव नाही, सण हे राजांनी लोकांना गुंगवायला आणले, आणि तुमचे राजे त्यात पुढे होते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे एकाच्या मते मी पुरेसा धार्मिक नव्हतो आणि दुसऱ्याच्या मते धर्माचा उगमच माझ्या घरात होता.

पुढचे काही महिने माझा दिनक्रम ठरून गेला. सकाळी कॉफीबरोबर मी अस्सल तमिळ असे, दुपारी ताकभातानंतर अस्सल मराठी. सांबार दोन्हीकडे माझंच होतं, फक्त कारणं बदलायची.

"कोणाशी भांडताय की?" इंदिरा विचारायची.

"मज ठाऊक नै. तलवारीचं चित्र लावलाय."

"ठाऊक नसलेल्याशी भांडता, आणि ठाऊक असलेली बायको पानं मांडून बसलीय. उठा."

उठायचो, पण फोन घेऊन.

आता जी गोष्ट खरोखर महत्त्वाची होती ती सांगतो. गिरिजा चेन्नईला कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिथे तिला कार्तिक नावाचा मुलगा आवडला. कुंभकोणमचा, पक्का तमिळ, वडील निवृत्त हेडमास्तर. आमच्यात मुली आमच्यातच द्यायची रीत. तंजावूर, कुंभकोणम, चेन्नई, बंगळूर मिळून आमचं जग, आणि त्या जगात प्रत्येकजण दुसऱ्याचा कुठून तरी मामा लागतो. मी काही दिवस तोंड फुगवलं, मग कार्तिक घरी येऊन गेला, माझ्या तोंडाची फुग आपोआप उतरली आणि मी होकार दिला. अडलं होतं ते हेडमास्तरांकडे. ही 'राव' मंडळी नेमकी कोण, कुठली, हे त्यांना कळत नव्हतं. नवरात्रातल्या शुक्रवारी ते पत्नीसह 'सहज कोलू बघायला' येणार होते. हे 'सहज' म्हणजे काय ते आमच्या गल्लीतली मांजरंसुद्धा ओळखतात. त्यांनी हो म्हटलं तर लग्न, नाही म्हटलं तर कार्तिक बापाला दुखवणार नाही आणि गिरिजा दुसरं कोणी बघणार नाही.

"अप्पा, नऊ दिवस फोन ठेवून द्या. माझ्यासाठी," गिरिजा म्हणाली.

"सरी, ठेवतो," मी म्हणालो, आणि एक शेवटचं उत्तर द्यायला फोन उघडला.

तलवारीने लिहिलं होतं, "तुमची भाषा आणखी थोड्या वर्षांत संपणार, काका. लिहून ठेवा." हे मला लागलं. खरं असण्याची शक्यता होती म्हणून जास्तच लागलं. मी तिरीमिरीत लिहिलं, "संपणार नाही. आमच्या मुली आम्ही आमच्यातच देतो, म्हणून ती टिकली आणि म्हणूनच टिकेल." गिरिजाची आणि कार्तिकची पत्रिका मी स्वतः जुळवून आणलेली समोरच्या कोनाड्यात होती! पण वादात माणूस स्वतःच्या घराविरुद्ध साक्ष द्यायलाही मागेपुढे बघत नाही. त्या वाक्याला ढीगभर अंगठे मिळाले. तलवारीनेही पहिल्यांदाच मान तुकवली, "हे बाकी पटलं, काका." माझा तो दिवस फार गोड गेला.

संध्याकाळी वाघाने डिवचलं, की तुम्ही तुमच्यातच लग्नं करता, मग आमचे कसे? मी लगेच लिहिलं, "भेद आता उरलाच कुठे? आमच्या मुली तुमच्याच घरी येतात." तिथेही अंगठे मिळाले. एका दिवसात दोन राज्यं जिंकल्यावर माणूस उदार होतो. मी दोघांनाही, दोन्ही पानांवर, लिहून टाकलं, "वाद पुरे. कोलूला घरी या. मेलवीधी, निळं दार. कोणीही सांगेल."

यात माझा दोष आहे असं मला अजून वाटत नाही. नवरात्रात आमच्याकडे ज्याच्याशी बोलणं होईल त्याला कोलूचं आमंत्रण द्यायचंच असतं. दूधवाल्याला देतात, बस कंडक्टरला देतात, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं असतानाही देतात. भांडणाने संपलेलं बोलणं आमच्या घरात धरत नाहीत. शेवटी 'कोलूला या' म्हटलं की ते संपतं. माझी चूक एवढीच, की आमंत्रण दिल्यावर लोक येतात हे मी विसरलो.

शुक्रवारी संध्याकाळी हेडमास्तर आणि त्यांची पत्नी आली. मामींच्या (इकडे अशा बाईंना मामीच म्हणतात) हातात एक मोठी कापडी पिशवी होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही, मांडीवरच धरून बसल्या. हेडमास्तर कोलूसमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि पायरी पायरी तपासत गेले. गिरिजा रेशमी साडीत, सुंडलाच्या वाट्या भरत होती आणि एकही दाणा सांडत नव्हती. मी कोचावर ताठ बसलो होतो. फोन खिशात होता, पण बंद. (आवाज बंद.)

"सात पायऱ्या," हेडमास्तर म्हणाले.

"होय, सार," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ लावतोय तोवर दारात माणसं दिसली. एक काटकुळा, चष्मा लावलेला तरुण, त्याची बायको आणि नऊवारीतली आई.

"गोविंद काका ना? मी सुहास, साताऱ्याहून," तो इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "रामेश्वर, मदुराई करत आलोय. तुम्ही बोलावलंत म्हणून म्हटलं जाऊन यावं. मी… ती तलवार."

घराचा नियम असा, की कोलूला आलेली बाई म्हणजे देवी आणि तिच्याबरोबर आलेला माणूस देवीबरोबर आलेला. इंदिरेने तिघांना पाट दिले, आजींना कुंकू लावलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर अजून संपलेली नाही.

सुहास बसतोय तोच बाहेर मोपेड थांबली. आत आला तो जवळच्या ओरत्तनाडचा, भरल्या दंडांचा गडी, हातात केळ्यांचा घड. "वणक्कम, सार. अरिवळगन. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. तुम्ही मला चोळ वाघ म्हणून ओळखता." देव मानत नसला तरी रिकाम्या हाताने कोलूला जायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. इंदिरेने सुंडल पुढे केलं तेव्हा तो म्हणाला, "प्रसाद म्हणून नको. हरभरे म्हणून चालेल." हरभरे म्हणून त्याने दोन वाट्या खाल्ल्या.

हेडमास्तरांनी विचारलं, "हे तुमचे स्नेही?"

"होय, सार. जुने," मी म्हणालो.

आता अडचण अशी, की सुहासला तमिळ येत नव्हतं, अरिवळगनला मराठीच काय, हिंदीही येत नव्हतं, आणि दोघांचं इंग्रजी एकमेकांना लागेना. दोन्ही भाषा येणारा, दोघांच्या मधोमध बसलेला दुभाषी मीच.

अरिवळगन तमिळमध्ये म्हणाला, "यांना विचारा, हा माणूस तुमचा आहे का? असेल तर घेऊन जा."

मी मराठीत विचारलं, "हे विचारतात, मी तुमचा आहे का. असेन तर न्या म्हणतात."

सुहास गडबडला. "आमचे कसे? वाईट मानू नका काका, पण तुम्ही घटाशेजारी वाघ-सिंहांच्या बाहुल्या मांडता. त्यांना सांगा, तुमच्याकडेच राहू द्या."

मी तमिळमध्ये सांगितलं, "ते म्हणतात, ठेवा तुमच्याकडेच."

"आमच्याकडे जागा नाही," अरिवळगन म्हणाला.

मी तेही सांगितलं. दोघांचं माझ्याबाबतीत पूर्ण एकमत झालं, त्यांनी हात मिळवले, आणि मला सांगायला अभिमान वाटतो, की या सगळ्या देवघेवीत माझा एक शब्दही चुकला नाही. हेडमास्तर माझ्याकडे, मग त्या दोघांकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत होते. मामींनी पिशवी जरा जवळ ओढली.

आपण पाहुणे आहोत आणि यजमानाला फारच बोललो, असं सुहासला वाटलं असावं. मुळात सज्जन मुलगा. माझी बाजू सावरायला तो हेडमास्तरांकडे वळून मोठ्या आवाजात (म्हणजे आपल्या साध्या आवाजात) म्हणाला, "पण काकांचं एक वाक्य मात्र सोन्यासारखं. आमच्या मुली आम्ही आमच्यातच देतो, म्हणून भाषा टिकली. मी ते घरी सगळ्यांना वाचून दाखवलं."

"काय म्हणतात?" हेडमास्तरांनी मला विचारलं.

गिरिजाच्या हातातली पळी सुंडलाच्या पातेल्यात थांबली होती.

"सुंडल सुरेख झालंय म्हणतात," मी म्हणालो.

"अप्पा," गिरिजा म्हणाली, "असं म्हणाले नै ते."

तिने पळी खाली ठेवली, पदर सावरला आणि हेडमास्तरांना शुद्ध तमिळमध्ये ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काही कमी केलं नाही, काही गोड केलं नाही. ते ऐकून अरिवळगन उसळला, "असं कसं? मला तर लिहिलं, आमच्या मुली तुमच्याच घरी येतात म्हणून!" त्याने फोन काढून सगळ्यांपुढे धरला. सुहासने विचारलं, "हे काय म्हणतात?" मी तोंड उघडलं, पण तोवर इंदिरेने मराठीत सांगूनही टाकलं. माझी दुभाष्याची नोकरी गेली होती.

मला लाज वाटली. कोणा परक्याची नव्हे, गिरिजाची. ती रडत नव्हती. लहानपणी सायकल शिकताना गुडघा फुटला तेव्हा जशी हनुवटी घट्ट करून पुन्हा सायकलवर बसली होती, तशीच उभी होती. मी कुठल्याशा तलवारीकडून 'पटलं' ऐकण्यासाठी तिला पणाला लावलं होतं.

"मज हेच घर करायचंय," ती मला म्हणाली आणि मग तेच हेडमास्तरांना तमिळमध्ये म्हणाली. "अप्पांनी काय लिहिलं ते अप्पांचं. माझं मी सांगते."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला हे ठाऊक होतं," ते म्हणाले. "दोन्ही पानं मुलाने दाखवली. मराठीचं फोनने तमिळ करून दिलं. वाचून वाटलं, गोविंद राव दोन आहेत. मुलीचा बाप त्यांतला कोणता, ते बघून यावं म्हणून आलो."

"सार, मी…"

"मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. एका प्रश्नाला दोन उत्तरं लिहून ठेवणारी मुलं असतात. वाटतं, एक तरी बरोबर निघेल. मी शून्य देतो. एक उत्तर लिहा. दोन्ही पानांवर तेच. आत्ता."

मी फोन काढला. एवढे महिने हजारो शब्द घडघडा लिहिले आणि आता एक ओळ सुचेना. शेवटी लिहिलं: "माझी मुलगी तिच्या मनाने निवडलेल्या घरी जात आहे आणि त्याचा मला आनंद आहे. भाषा टिकवायचा भार मुलींच्या लग्नावर टाकणं चूक होतं. तो माझा आहे, मी नातवंडांना शिकवीन. आधीची दोन्ही वाक्यं मी फक्त जिंकण्यासाठी लिहिली होती." मोठ्याने वाचलं, आधी मराठीत, मग तमिळमध्ये. सुहासने मराठी तपासलं, अरिवळगनने तमिळ.

"नातवंडं तूर्त गाळा," हेडमास्तर म्हणाले. "आधी लग्न."

मला ते कळायला एक क्षण लागला. गिरिजाला लागला नाही. मामींनी मांडीवरची पिशवी उघडली आणि आतून झाकलेलं ताट काढलं: फळं, फुलं, विड्याची पानं, वर पिवळी साडी. आमच्याकडे लग्न ठरलं की ताटांची अदलाबदल होते. बाई ताट तयार करून, घेऊन, दोन तास मांडीवर धरून बसली होती, आणि माझ्यामुळे ते तसंच कुंभकोणमला परत जाणार होतं. इंदिरेने डोळे पुसले, आपलं ताट आणलं, आणि ताटं बदलली गेली.

"आता कोण गाणार?" ती म्हणाली. कोलूवरून न गाता कोणी जात नाही. साताऱ्याच्या आजींनी देवीची आरती म्हटली, मामींनी कर्नाटक संगीतातली एक कृती गायली. अरिवळगन म्हणाला, मी देव मानत नाही. "मानू नका. सूर लावा," इंदिरा म्हणाली. त्याने भात लावणीचं गाणं म्हटलं आणि तेच सगळ्यांत छान झालं. जाताना अस्कींना, म्हणजे सगळ्यांना, तांबूल दिला आणि त्या दोघांना लग्नाचं आमंत्रणही. रीतच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी पानाने मला गद्दार म्हणून काढून टाकलं. तमिळ पानाने दुपारी, कारण 'भाषा टिकवायचा भार माझा' या वाक्यात त्यांना आक्रमण दिसलं. सुहासने आणि अरिवळगनने माझ्या बाजूने पुष्कळ भांडण केलं, पण ते एकमेकांना भाषांतर करून द्यायला मी तिथे नव्हतो.

मी वादांतूनही निवृत्त व्हायचं ठरवलं होतं. खरंच. पण परवा माझ्या स्वतःच्या पानावर कोलूच्या फोटोखाली एक नवीन अभिप्राय आला: "पायऱ्या नऊ हव्यात. सात म्हणजे अर्धवट काम." लिहिणारे व्याही. वरपक्षाला लग्न लागेपर्यंत उलट उत्तर द्यायचं नसतं, म्हणून मी उत्तर फक्त लिहून ठेवलं. चांगलं सणसणीत, शास्त्राधारासकट. इंदिरेने ते तमिळमध्ये असल्यामुळे वाचलं. नवरात्र संपल्यावर बाहुल्या जुन्या धोतरात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवतात. माझा फोन आता तिथेच आहे, चेट्टियार दुकानदाराच्या शेजारी.

हे मी हाताने, कागदावर, देवनागरीत लिहितो आहे. इंदिरेला देवनागरी वाचता येत नाही, हा मोठा आधार. तेव्हा सात पायऱ्यांबद्दल कोणाचं काही म्हणणं असेल तर संकोच करू नका, पुढच्या कोलूला सरळ घरी या. मेलवीधी, निळं दार. कोणीही सांगेल.